भाताऐवजी माणसं

जपानमधल्या हिदा प्रांताच्या डोंगरांत भातशेतीला सपाट जागा मुळातच कमी. ताकायामा हे तिथलं मुख्य शहर. २००५ मध्ये आजूबाजूची गावं त्यात सामावली गेली आणि क्षेत्रफळाच्या हिशेबाने ते जपानमधलं सर्वांत मोठं शहर ठरलं, जवळजवळ टोकियो महानगराएवढं. त्यातला नव्वद टक्क्यांहून अधिक भाग मात्र जंगल. ज्या देशात शेतकऱ्याचा सारा आणि पुढे सरदाराची ऐपत, शिपायाचा पगार सगळंच तांदळात मोजलं जाई, तिथे असल्या मुलखाने सारा भरायचा कशाने? आठव्या शतकातल्या कायद्याने त्यावर तोडगा काढला. हिदाने धान्य-कापडाऐवजी सुतार द्यायचे. पन्नास घरांमागे दहा माणसं, वर्षभर राजधानीत राबायला. दरसाल शंभरेक जण डोंगर उतरून जात आणि तिकडची देवळं, राजवाडे उभे करत. हे काही शतकं चाललं.

त्या कारागिरांचा अभिमान ताकायामात आजही जागोजागी दिसतो आणि तो रास्त आहे. तिथल्या जुन्या घरांतल्या तुळया आणि जाळीच्या खिडक्या पाहिल्या की हात कसे असतील ते कळतं. मात्र या डोंगरांतल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलत गेले तेव्हा मला त्या सुतारांच्या मागोमाग दुसरी एक रांग दिसायला लागली. बारा-तेरा वर्षांच्या मुलींची, बर्फातून पूर्वेकडे निघालेली. मधे हजाराहून जास्त वर्षं उलटली होती, हिशेब तोच होता. जे पिकत नाही त्याच्या बदल्यात माणूस.

मी जपानी शिकले पुण्यात आणि नोकरीनिमित्त नागोयात राहिले. तिथून हिदाला जाणारी गाडी नदीच्या काठाकाठाने डोंगरात शिरते. ताकायामात उतरलं की बहुतेक जण आधी जिन्या बघायला जातात. १६९२ मध्ये शोगुनाने इथल्या सरदाराला उत्तरेकडे हलवलं आणि हिदा थेट आपल्या ताब्यात घेतला. डोळा होता तो इथल्या लाकडावर. त्या कारभाराची कचेरी म्हणजे हे जिन्या. तांदळाची प्रचंड कोठारं, कारकुनांच्या चटया घातलेल्या खोल्या, आणि चौकशीच्या जागी आरोपीच्या मांड्यांवर ठेवायचे दगड. १७७१ पासून पुढे अठराएक वर्षं इथल्या शेतकऱ्यांनी साऱ्याविरुद्ध आणि जमिनीच्या मोजणीविरुद्ध पुन्हा पुन्हा उठाव केले. त्यांच्या पुढाऱ्यांतला झेनकुरो हा अठरा वर्षांचा होता. त्याचा शिरच्छेद झाला. कचेरीच्या दारासमोर रोज सकाळी बाजार भरतो. तिथे लाल सलगमाचं लोणचं विकणाऱ्या एका आजींना मी उठावाबद्दल विचारलं तर त्या त्याला ‘आमचा झेनकुरो’ म्हणाल्या. अडीचशे वर्षांपूर्वीच्या मुलाला.

पण मला खरी गोष्ट मिळाली ती तिथून थोडं उत्तरेला, फुरुकावात. गाव लहान, पांढऱ्या भिंतींच्या कोठारांमागून कालवा वाहतो, त्यात रंगीत मासे. मी उतरले ते घर एका नव्वदी ओलांडलेल्या बाईंचं. दोन खोल्या पाहुण्यांना देतात, कामाचं सगळं सून बघते. सगळे त्यांना ओबाचान, म्हणजे आजी, म्हणतात, मीही तेच म्हणायला लागले. त्यांची बोली जुनी हिदाची. मला निम्मी कळायची, उरलेली सून पुस्तकी जपानीत सांगायची. मग ओबाचान मधेच हात वर करून ‘तसं नव्हे’ म्हणायच्या आणि ते वाक्य पुन्हा व्हायचं. त्यामुळे त्यांनी सांगितलेलं बरंचसं मी दोनदा ऐकलं आहे.

रात्री जेवणाला मातीच्या छोट्या शेगडीवर होओच्या झाडाचं वाळकं पान ठेवलेलं होतं. वीतभर लांबीचं, तपकिरी, काठाला जरा जळलेलं. त्यावर मिसो, म्हणजे सोयाबीनचं आंबवलेलं वाटण, कांद्याची पात, थोडी अळंबी. खालून निखारा तापला की मिसो कडेने बुडबुडे सोडतो आणि पानाचा वास त्यात उतरतो. ते खमंग, खारट मिश्रण काडीच्या टोकावर जरासं घेऊन भाताबरोबर खायचं. मी दुसऱ्यांदा भात मागितला तेव्हा ओबाचान खूश झाल्या आणि म्हणाल्या, ‘आईच्या लहानपणी घरात भात नसायचाच. बार्टी असायची, जव असायचे. पांढरा भात तिने पोटभर पहिल्यांदा खाल्ला तो ओकायाच्या गिरणीत.’

ओकाया हे सुवा सरोवराच्या काठचं गाव, शेजारच्या शिन्शू प्रांतात. सरकारने १८७२ मध्ये तोमिओकाला फ्रेंच धर्तीची रेशीम गिरणी काढली. सुवाच्या लोकांनी ते तंत्र स्वस्तात, लाकूड आणि मातीची भांडी वापरून आपल्याला झेपेल असं उतरवलं आणि बघता बघता ओकाया ही जपानची रेशीमनगरी झाली. कोष गरम पाण्यात उकलायचे, चार-पाच कोषांची टोकं एकत्र ओढून त्यांचा एक धागा करायचा. या कामाला बारीक बोटं आणि चांगली नजर लागते. ती कुठे मिळतील? डोंगरापलीकडे, जिथे खाणारी तोंडं जास्त आणि भात कमी. भरतीदार हिदाच्या खेड्यांत फिरायचे, बापाच्या हातात उचल ठेवायचे आणि करारावर त्याचा शिक्का घ्यायचे.

ओबाचानची आई बाराव्या वर्षी गेली. साधारण १९१७ सालची गोष्ट. माहेर फुरुकावाच्या वरच्या अंगाला, डोंगरात. फेब्रुवारीत मुली आधी फुरुकावात आणि ताकायामात जमायच्या, गिरणीप्रमाणे त्यांचे गट पाडले जायचे आणि शेकडोंच्या रांगा पूर्वेकडे चालू लागायच्या. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या वर, मधे नोमुगी खिंड, उंची १,६७२ मीटर. गवताच्या चपला एका दिवसात झिजायच्या, म्हणून कमरेला आणखी जोड बांधलेले. वाऱ्याने कुणी कड्याखाली जाऊ नये म्हणून थोरल्या मुली आपल्या कंबरपट्ट्यांनी धाकट्यांना बांधून घ्यायच्या. ‘आईच्या पुढे चालणारी मुलगी तिच्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठी होती,’ ओबाचान म्हणाल्या. ‘आई म्हणायची, मी खिंड पाहिलीच नाही, मी तिची पाठ पाहिली.’

खिंडीकडे मला घेऊन गेले ते ओबाचानच्या ओळखीचे एक आजोबा, ताकाने भागातले. हिवाळ्यात हा रस्ता बंद असतो. आम्ही गेलो तेव्हा जून होता आणि दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढा बुटका बांबू माजलेला. या बांबूला फार वर्षांनी एकदा दाणा धरतो. दुष्काळात लोक तो गोळा करून दळायचे आणि त्याचे गोळे उकडून खायचे. आजोबांनी गाडी थांबवून तो बांबू मला हाताने बाजूला सारून दाखवला. खाली जुनी पायवाट होती, दोन फुटांचीसुद्धा नाही, दगड घासून गुळगुळीत झालेले.

आजोबांचे आजोबा याच वाटेवरचे हमाल. त्यांच्या पाठीवर असायचा मासा. तोयामाच्या आखातात थंडीत बुरी नावाचा मोठा मासा सापडतो. त्याला मीठ लावून तो डोंगरातून ताकायामाच्या बाजारात यायचा आणि तिथून हमालांच्या पाठीवर खिंड ओलांडून शिन्शूत जायचा. तिकडे वर्षअखेरच्या रात्री जेवणात बुरी हवाच. समुद्राचं तोंड न पाहिलेल्या हिदाच्या नावाने तो तिकडे ‘हिदाची बुरी’ म्हणून विकला जाई. तेव्हा डिसेंबरात याच वाटेवर एकीकडून मासा घेऊन हमाल चढायचे आणि समोरून वर्षाची मजुरी घेऊन मुली घरी परतायच्या. आजोबांच्या घरी पिढ्यान् पिढ्या सांगत आलेत की वाट अरुंद होती आणि बर्फात हमाल बाजूला उभे राहून मुलींना आधी जाऊ द्यायचे. मग हसून म्हणाले, ‘आमचे आजोबा असंच सांगणार. पण माझा विश्वास आहे.’ माझाही आहे.

माथ्यावर गारठा होता. समोर नोरिकुरा पर्वत, त्याच्या घळींत जूनमध्येही बर्फ. तिथे दगडी चौथऱ्यावर एक पुतळा आहे. तरुण माणूस, पाठीवर लाकडी चौकट, तिच्यावर उलट्या तोंडाने बसलेली मुलगी. ती मासाई मीने. हिदातल्या कावाई गावची, वीस वर्षांची. १९०९ च्या नोव्हेंबरात ओकायाहून तार आली की मुलगी आजारी आहे, ताबडतोब घेऊन जा. पोटाचा आजार होता. भाऊ तात्सुजिरो चालत गेला, तिला पाठीवर घेतलं आणि परत निघाला. २० नोव्हेंबरला दोघं या माथ्यावर पोचली. इथून हिदा दिसतो. तो दिसल्याचं ती बोलली आणि तिथेच तिने प्राण सोडला. त्याच १९०९ साली कच्च्या रेशमाच्या निर्यातीत जपानने चीनला मागे टाकलं आणि जगात पहिला क्रमांक मिळवला. त्यातलं बहुतेक रेशीम अमेरिकेला जायचं. त्या परकीय चलनातून यंत्रं आली, जहाजं आली, तोफाही आल्या.

मीनेची गोष्ट जगाला कळली ती यामामोतो शिगेमी या लेखकामुळे. हा मात्सुमोतोचा, म्हणजे खिंडीच्या पलीकडच्या बाजूचा. साठच्या दशकात तो हिदा आणि शिन्शूच्या खेड्यांत फिरला आणि एकेकाळी गिरणीत गेलेल्या शेकडो म्हाताऱ्यांकडून त्यांच्या आठवणी ऐकून घेतल्या. १९६८ मध्ये त्याचं नोमुगी खिंडीवरचं पुस्तक आलं आणि १९७९ मध्ये त्यावर सिनेमा. मीनेचं मरण घराघरांत पोचलं. मला या माणसाबद्दल फार आदर आहे. कारखानदारांचे ताळेबंद कपाटांत जपलेले होते. या बायकांचं मात्र कुठे काही लिहिलेलं नव्हतं आणि त्या एकेक करून जात होत्या. तो वेळेवर पोचला.

त्याच पुस्तकातली दुसरी एक गोष्ट सिनेमा पाहिलेल्यांना सहसा माहीत नसते. त्याने या म्हाताऱ्यांना सरळ प्रश्न विचारले होते. जेवण कसं होतं? काम? मजुरी? गेलात ते बरं केलंत का? आणि बहुतेकींचं उत्तर होतं की जेवण चांगलं होतं, मजुरी बरी होती, गेलो ते बरंच झालं. ओबाचानच्या आईनेही तेच म्हटलं असतं. पांढरा भात, महिन्यातून कधी तरी मासा, आणि रात्री मुलींची कुजबुज. घरी राहिली असती तर पहाटे उठून तुतीचा पाला तोडायचा आणि भाऊबहिणींना सांभाळायचं. काम तर तिथेही होतंच.

हे उत्तर पुढे करून काही लोक म्हणतात की शोषणाची गोष्ट वाढवून सांगितलेली आहे. मला ते पटत नाही. उत्तर द्यायला ज्या उरल्या त्यांचीच ती उत्तरं आहेत. मीनेला कुणी विचारू शकलं नाही. १९१३ मध्ये इशिहारा ओसामू या डॉक्टरने गिरण्यांतल्या मुलींच्या क्षयाबद्दल जाहीरपणे मांडलं होतं. आजारी मुलगी गिरणी घरी पाठवून द्यायची आणि आजार तिच्याबरोबर गावात शिरायचा. १९१६ पासून कारखाना कायदा लागू झाला, बायकांना दिवसाला बारा तासांची मर्यादा आली, त्यातही रेशीम गिरण्यांना जास्त तासांची सवलत मिळाली. म्हाताऱ्यांच्या त्या समाधानाच्या उत्तरांतून मला गिरणीपेक्षा घराबद्दल जास्त कळतं. तेरा तास वाफेत राबणं ज्या घरापेक्षा सुखाचं वाटलं, ते घर कसं असेल?

ओकायात जायचं मी खिंडीच्या माथ्यावरच ठरवलं. तिथे आता रेशमाचं संग्रहालय आहे आणि त्याच्या आत मियासाका नावाची एक गिरणी खरोखर चालते, जुन्या सुवा पद्धतीच्या यंत्रांवर. आत पाऊल टाकताच नाकाला जाणवतो तो कोषातल्या किड्यांचा वास, उकडलेला, तेलकट. एक बाई वाफाळत्या पाण्यात तरंगणाऱ्या कोषांवरून भाताच्या काडीचा छोटा झाडू फिरवत होत्या. झाडूला धागे चिकटले. त्यांतून त्यांनी नेमकी टोकं उचलली, एकत्र केली, एका बारीक छिद्रातून ओवली, आणि वर रीळ फिरू लागलं. एका कोषातून किलोमीटरहून लांब धागा निघतो. मधेच एक कोष पातळ झाला, आतला काळा किडा दिसू लागला. धाग्याची जाडी कमी होण्याआधीच बाईंनी नव्या कोषाचं टोक बोटाने असं झटक्यात लावलं की मला ते दिसलंसुद्धा नाही. मी विचारलं तेव्हा त्यांनी मुद्दाम हळू करून दाखवलं. तरी दिसलं नाही.

जवळच्या बाकावर बसलेल्या एक आजी हे बघत होत्या. युद्धानंतरच्या काळात त्यांनी स्वतः या गावातल्या एका गिरणीत काम केलेलं. त्यांनी मला जुनी मजुरीची पद्धत समजावली. दर दिवसाचा धागा तपासला जायचा. किती निघाला, जाडी सारखी आहे का, चकाकी आहे का. मग सगळ्यांची एकमेकींशी तुलना. मजुरीची एकूण रक्कम ठरलेली, त्यामुळे एकीला वाढलं की दुसरीचं कापलं जायचं. वर्षाला शंभर येन मिळवणारी मुलगी म्हणजे गावाचा अभिमान. ‘माझ्या सासूबाई त्या जुन्या पद्धतीतल्या,’ त्या म्हणाल्या. ‘शेजारच्या मुलीशी बोलायच्या नाहीत. पन्नास वर्षांनी भेटल्या तेव्हा एकमेकींची माफी मागून रडल्या.’ १९२७ मध्ये याच ओकायात यामाइची हायाशी-गुमी या गिरणीत तेराशेच्या आसपास कामगारांनी संप केला, बहुतेक मुलीच. संप मोडला. पण काही दिवस का होईना, त्या एकमेकींशी बोलल्या.

आजींनी मला विचारलं, तुमच्याकडे होत्या का गिरण्या? मी त्यांना मुंबईच्या कापडगिरण्यांचं सांगितलं. धागा गुंडाळणाऱ्या खात्यांत बायका असायच्या आणि त्यांच्यावर एक नायकीण असायची, हेही सांगितलं. १८९३ मध्ये जमशेटजी टाटांच्या साहाय्याने जपानी जहाज कंपनीने कोबे-मुंबई अशी बोट सुरू केली आणि आपल्याकडचा कापूस ओसाकाच्या गिरण्यांना जाऊ लागला, हेही. ओसाकाच्या त्या सूतगिरण्यांतही खेड्यांतून आलेल्या अशाच मुली होत्या. आजींनी नायकिणीबद्दल बारकाईने विचारलं. ती मारायची का? पैसे घ्यायची का? मी म्हटलं, नोकरी लावून द्यायला घ्यायची, आणि कधी बायकांच्या बाजूने भांडायचीही. त्यांनी मान हलवली. असंच असतं, म्हणाल्या.

१९२९ च्या मंदीत अमेरिकेची मागणी कोसळली आणि गिरण्या बंद पडत गेल्या, काही ठिकाणी मजुरी बुडवून. पुढे नायलॉन आलं. सुवाच्या काठी घड्याळांचे आणि कॅमेऱ्यांचे कारखाने आले, त्यांतही बारीक बोटांच्या मुली लागल्या. ताकायामाची रेल्वे १९३४ मध्ये पूर्ण झाली आणि खिंडीतली पायपीट संपली. आता मे महिन्यात पलीकडच्या नागावा गावातले लोक जुने पोशाख घालून त्या वाटेने चढतात. त्यांत शाळेतल्या मुली असतात, बारा-तेरा वर्षांच्याच.

फुरुकावात मी पुन्हा गेले ती जानेवारीत, पंधराला. त्या रात्री गावातल्या तीन देवळांचं दर्शन घ्यायची रीत आहे. रस्त्याकडेला माणसाहून उंच अशा बर्फाच्या मेणबत्त्या रचतात, कालव्याच्या काठी दिवे लावतात. गिरणीतून परतलेल्या मुली नव्या किमोनोत या रात्री बाहेर पडायच्या, जवळ स्वतःचे पैसे असलेल्या, आणि इथेच लग्नं जुळायची. ओबाचानच्या आईचं असंच जुळलं. पांढरी मेणबत्ती इच्छेची, लाल मेणबत्ती ती पुरी झाल्याची. ओबाचान त्या थंडीत बाहेर पडत नाहीत. कोतात्सूत, म्हणजे रजई घातलेल्या उबदार मेजाखाली, पाय घालून बसल्या होत्या. मी देवळांतून परतले तेव्हा जाग्याच होत्या, मग आम्ही चहा घेतला.

आईच्या पैशांचं काय झालं, हे मी त्या रात्री विचारलं. ओबाचान म्हणाल्या, ‘खाचर घेतलं. आजोबांनी.’ माहेरच्या डोंगरात झऱ्याच्या खाली भाताचं एक छोटं खाचर विकाऊ होतं. आईची सहा-सात वर्षांची मजुरी साठवून ते घेतलं. कागदावर नाव आजोबांचं, मग मामाचं. घरातही सगळे म्हणायचे, आजोबांनी खाचर घेतलं. आई काही बोलायची नाही. सत्तरी उलटल्यावर एकदा ती लावणीच्या दिवशी माहेरी गेली होती. बांधावर बसली, चिखलात उभ्या असलेल्या भाचेनातवंडांकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, ‘हे माझं आहे.’ कुणी काही बोललं नाही. मामा ओंजळीतली रोपं लावत राहिला.

‘त्या वर्षी कापणीनंतर मामा स्वतः एक पोतं घेऊन आला,’ ओबाचान म्हणाल्या. ‘मामा गेल्यावर त्याचा मुलगा आणायला लागला. आता नातू आणतो.’ मग त्यांनी सुनेला हाक मारून सांगितलं की उद्या सकाळच्या भाताला त्याच पोत्यातले तांदूळ घे.